चौशिंगा, मुशी आणि साम्याचा रिकामा रकाना
वाचकांचे प्रश्न : प्राणिजगत

प्रश्न : माझी नात सातवीत आहे. बाईंनी वर्गात दोन डब्यांतून चिठ्ठ्या काढायला लावल्या, एक जंगली प्राणी आणि एक समुद्री. हिच्या वाट्याला चौशिंगा आणि मुशी आली. आता दोघांच्या तुलनेचा तक्ता करायचा आहे. 'फरक'चा रकाना भरून वाहतोय, पण 'साम्य'मध्ये 'दोघेही सजीव आहेत' याच्या पुढे गाडी जात नाही. एवढ्यावर बाई ऐकणार नाहीत असं ती म्हणते. काही सुचवाल का? (एक आजोबा, सहकारनगर)

उत्तर : आजोबा, नातीला सांगा की तिच्यासारखी चिठ्ठी वर्गात दुसऱ्या कुणालाही आली नसेल. मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. या दोघांवर तासभर बोला म्हटलं, तर मला दोन तास लागतील.

आधी मापं उरकून टाकू. मुशी हे नाव आपल्याकडे बऱ्याच लहान शार्कांना लावतात, मालवणकडे मोरी म्हणतात. तक्त्यासाठी त्यातली एकच जात धरा : स्कॉलिओडॉन लॅटिकॉडस. चपट्या, निमुळत्या तोंडाची ही मुशी आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात नेहमी सापडते. ती उथळ, गढूळ पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी राहते. कोळंबी, माकुल (स्क्विड) आणि लहान मासे हे तिचं खाणं. जास्तीत जास्त 74 सेंटीमीटरपर्यंत वाढते, एरवी त्याहून लहानच. चौशिंगा खांद्याशी साधारण 55 ते 65 सेंटीमीटर उंच, वजन वीस किलोच्या आसपास. म्हणजे मोठ्यात मोठी मुशी शेपटीवर उभी केली तर चौशिंग्याच्या खांद्याच्या वर जाईल. नातीला हे चित्र काढायला आवडेल.

आता साम्य. पहिलं आणि सर्वांत मोठं साम्य हे की दोघींच्याही पिल्लांना पोटात असताना वार (प्लॅसेंटा, म्हणजे आईकडून पिल्लाला अन्न पोचवणारा अवयव) असते आणि नाळ असते. 'दोघींच्याही' म्हणते, कारण हा सगळा कारभार माद्यांचा.

मासा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अंडी येतात. शार्कांमध्ये मात्र तीन-चार तऱ्हा आहेत. काही जाती चिवट पिशवीत अंडी घालतात. काही अंडी पोटातच ठेवतात आणि पिल्लू अंड्यातल्या बलकावर वाढतं. आणि काहींमध्ये आई आपल्या रक्तातून पिल्लाला पोसते. आपली मुशी या शेवटच्या गटातली, आणि त्या गटातही फार पुढे गेलेली. इतर कितीतरी शार्कांची अंडी चांगली मोठी, बलकाने भरलेली असतात. हिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, शार्कांमध्ये सर्वांत लहान. त्यात शिदोरी जवळपास नाहीच. गर्भ काही मिलिमीटरचा होतो न होतो तोच ती संपते, आणि पुढचं सगळं आईकडून येतं. गर्भाशयाचं अस्तर त्या इवल्या गर्भाला धरून ठेवतं, बलकाच्या रिकाम्या पिशवीची वार बनते आणि नाळेवर बारीक तंतूंची दाट झालर उगवते. पाच-सहा महिन्यांनी 12 ते 15 सेंटीमीटरची पूर्ण तयार पिल्लं जन्माला येतात. कधी एकच, कधी पंधराच्याही वर.

आमच्या काळी बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत ही मुशी असायचीच. 'स्कॉलिओडॉन' हा शब्द उच्चारला की प्राणिशास्त्राचा कोणताही जुना विद्यार्थी तुम्हाला तिच्या कल्ल्यांच्या रक्तवाहिन्या आणि मेंदूपासून निघणाऱ्या नसा घडाघडा सांगेल. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरायचे. एकदा एका गटाच्या ट्रेमध्ये गाभण मादी निघाली. गर्भाशय उघडल्यावर आत पिल्लं ओळीने होती. प्रत्येकाला वेगळी नाळ, आणि ती आईच्या गर्भाशयाला जोडलेली. खेड्यातून आलेली एक मुलगी वाकून बघत होती. तिच्या घरी म्हशी होत्या. ती म्हणाली, "मॅडम, हिला वार पडत असेल?" तो प्रश्न अगदी योग्य होता आणि पुस्तकातून आलेला नव्हता. त्या दिवशी रक्तवाहिन्या बाजूला राहिल्या आणि सगळा वर्ग त्या ट्रेभोवती जमला. नंतर कॉलेजांमधून विच्छेदन बंद झालं, ते योग्यच झालं. पण हे ज्ञान त्याबरोबर अभ्यासक्रमातून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

चौशिंग्याची मादी साधारण आठ महिने गाभण असते आणि एक किंवा दोन पाडसं देते. तिची वार कशी असेल हे ज्यांच्या घरी गाईगुरं आहेत त्यांना माहीत आहे. गाईच्या वारेवर ठिकठिकाणी लाल, मांसल गोळे असतात. त्या प्रत्येक गोळ्यापाशी आई आणि वासरू यांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना भिडतात. चौशिंगा गाईच्याच कुळातला, त्यामुळे त्याची रचना तीच.

इथे नातीने एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण बाई नेमकं हेच विचारतील : दोघींना वार आहे म्हणजे दोघी जवळच्या नातेवाईक आहेत का? नाहीत. शार्क आणि सस्तन प्राणी यांचे पूर्वज वेगळे झाले त्याला चाळीस कोटींहून अधिक वर्षं झाली. तेव्हा वार कुणालाच नव्हती. दोन्हीकडे ती स्वतंत्रपणे तयार झाली, आणि वेगवेगळ्या मालमसाल्यातून. मुशीची वार बलकाच्या पिशवीपासून होते. चौशिंग्याची गर्भाच्या बाहेरच्या आवरणापासून आणि त्याच्या मूत्राची सोय करणाऱ्या पिशवीपासून होते. साहित्य निराळं, कारागीर निराळे, काम मात्र तेच : आईचं रक्त पिल्लाच्या रक्ताच्या शेजारी आणायचं आणि अन्न, प्राणवायू इकडून तिकडे पोचवायचा. मला स्वतःला सगळ्या प्राणिशास्त्रात याहून थोर गोष्ट थोडीच माहीत आहे.

आणि हे कळलं कधी? ॲरिस्टॉटलने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं की एका शार्कचं पिल्लू आईच्या पोटात नाळेने बांधलेलं असतं, चतुष्पादांसारखं. भूमध्य समुद्रातल्या कोळ्यांनी आणलेले मासे त्याने स्वतः उघडून पाहिले असणार, नाहीतर इतकं नेमकं लिहिता येत नाही. पुढे कित्येक शतकं त्यावर फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. अखेर योहान्नेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने ते पुन्हा तपासलं आणि 1842 साली छापून सिद्ध केलं. आपल्या या मुशीला शास्त्रीय नाव देण्यातही हाच म्युलर होता, त्याचा सहकारी हेन्ले याच्याबरोबर.

नातीला पुस्तकातलं पुरणार नाही, तर सकाळी पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात घेऊन जा. वीतभर लांबीची, अगदी कोवळी मुशी दिसली तर मावशींना ती उताणी करायला सांगा. छातीच्या दोन परांच्या मधे, पांढऱ्या पोटावर, मधोमध एक बारीक उभी चीर किंवा व्रण दिसेल. ती तिची बेंबी. मोठ्या मुशीत ती बुजून गेलेली असते. तिथेच नर-मादीही ओळखून घ्या : नराच्या मागच्या परांना चिकटून दोन कांड्या असतात, मादीला नसतात. चौशिंग्यातही नर असाच लांबून ओळखू येतो, शिंगं फक्त त्यालाच. आणि जाता जाता पाठीवरून बोट शेपटीकडे फिरवायला सांगा, मग उलटं डोक्याकडे. उलटं फिरवताना काचकागदासारखं खरखरतं. त्या खवल्यांची घडण दातांसारखीच असते, आत दंतिन आणि वर टणक थर.

दुसरं साम्य फार कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. दोघांनाही युरिया फेकून देणं परवडत नाही. आपण युरिया लघवीवाटे टाकून मोकळे होतो. मुशी तो रक्तात मुद्दाम साठवते, आपल्या रक्तापेक्षा कितीतरी पटींनी जास्त. त्यामुळे तिचं अंग समुद्राच्या पाण्याइतकंच, किंबहुना किंचित जास्त, 'दाट' राहतं आणि खारं पाणी तिच्यातलं पाणी ओढून घेऊ शकत नाही. बांगड्याला सतत समुद्राचं पाणी पिऊन वर मीठ बाहेर टाकत बसावं लागतं, मुशीला ती कटकट नाही. इतका युरिया खरं तर शरीरातल्या प्रथिनांना बिघडवेल, पण तिच्या अंगात त्यावर उतारा असणारं दुसरं एक रसायनही असतं.

चौशिंगा युरिया वापरतो तो पोटासाठी. तो रवंथ करणारा प्राणी. कोवळी पानं, फुलं, फळं, शेंगा वेचून खातो, पण उन्हाळ्यात रान वाळलं की त्या चाऱ्यात प्रथिनं कमी होतात. अशा वेळी यकृतात तयार झालेला युरिया लाळेतून आणि पोटाच्या भिंतीतून परत पहिल्या कप्प्यात येतो. तिथले सूक्ष्मजीव त्यापासून नवी प्रथिनं बनवतात आणि पुढे तेच सूक्ष्मजीव पचून चौशिंग्याच्या अंगी लागतात. गाय, शेळी, नीलगाय सगळ्यांत हे चालतं. एकाने टाकाऊ वस्तू खाऱ्या पाण्याशी झुंजायला वापरली, दुसऱ्याने दुष्काळाशी.

आतड्याचं थोडक्यात सांगते. चौशिंग्याचं आतडं लांबलचक. मुशीचं आखूड, पण आत पातळ पडद्याची गुंडाळी असते, त्यामुळे अन्न शोषायला जागा भरपूर मिळते.

फरकाच्या रकान्यात हाडं आणि कूर्चा, फुप्फुसं आणि कल्ले हे सगळं नातीने लिहिलेलंच असणार. त्यात एक भर घालायला सांगा. वारेपर्यंत दोघी आया बरोबरीने चालतात आणि जन्माच्या क्षणी वाटा फुटतात. चौशिंग्याची मादी पाडसाला गवतात किंवा झुडपात दडवते, दूर चरायला जाते, पुन्हा येऊन पाजते. मुशीचं पिल्लू पहिल्या मिनिटापासून आपल्या दातांवर जगतं, आई वळूनही बघत नाही. आईने द्यायचं ते सगळं पोटात असतानाच देऊन झालेलं असतं.

प्रश्न : भीमाशंकरच्या रानात पहाटे एक लहानसं, तांबूस, एकटंच हरीण दिसलं. बरोबरचा एकजण म्हणाला चौशिंगा, दुसरा म्हणाला भेकर. फोटो आला नाही. कसं ठरवायचं? (एक ट्रेकर, वारजे)

उत्तर : तांबूस रंग, एकटं आणि भीमाशंकर, एवढ्यावरून माझं मत भेकराकडे झुकतं. भेकराच्या नराची शिंगं केसाळ, उंच खुंटांवर असतात. त्या खुंटांपासून चेहऱ्यावर खाली दोन काळ्या रेघा येतात. तो कुत्र्यासारखा भुंकतो. रात्री डोंगरात तो आवाज तुम्ही ऐकलाच असेल.

चौशिंगा मळकट तपकिरी. पायांच्या पुढच्या बाजूने गडद पट्टा उतरतो. नराची शिंगं साधी, गुळगुळीत, बिनफाट्याची. मागची जोडी कानांच्या मधे आणि पुढची छोटी जोडी कपाळावर. पुढची जोडी कधीकधी नुसती गाठ असते, काहींना नसतेच, म्हणून 'चार शिंगं दिसली नाहीत' एवढ्यावरून तो चौशिंगा नाही असं ठरवू नका. एका अर्थी तो हरीणही नव्हे. हरणांची शिंगं भरीव हाडाची, ती दरवर्षी गळतात आणि नवी येतात. चितळ, सांबर, भेकर ही हरणं. चौशिंगा, काळवीट, चिंकारा हे कुरंग : आत हाडाचा गाभा, वर आपल्या नखांच्या जातीचं आवरण, आणि ते जन्मभर टिकतं. चौशिंग्याची सर्वांत जवळची जिवंत नातलग नीलगाय आहे, त्या शाखेत हे दोघंच उरलेत. वन्य सस्तन प्राण्यांत चार शिंगांचा हा एकटाच, आणि भारत व नेपाळ सोडून कुठेही नाही.

नक्की बघायचाच असेल तर मेळघाट, ताडोबा किंवा पेंच. पानगळीचं, चढउतारांचं रान आणि जवळ पाणी त्याला लागतं. तिथल्या वाटाड्याला वाघाऐवजी चौशिंगा दाखवा म्हणालात तर तो खूश होईल. लेंड्यांचे ढीग बघा : चौशिंगा पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो, जाणता माणूस आधी त्या जागा शोधतो. पुणे जिल्ह्यात कुरंग पाहायचे तर सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारे आहेत, पण ते माळाचे रहिवासी, रानाचे नव्हेत.

प्रश्न : सून बाळंतीण आहे. माझं माहेर रत्नागिरीकडचं, आमच्यात बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी देतात. पण मुलगा म्हणतो शार्क संरक्षित आहे, आणणं गुन्हा आहे. कुणाचं खरं? (एक सासूबाई, धनकवडी)

उत्तर : ताई, कायद्यापासून सुरुवात करते. चौशिंगा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला हात लावणं हा गंभीर गुन्हा. समुद्रातल्या व्हेल शार्कला 2001 साली तेच संरक्षण मिळालं, करवतीसारख्या तोंडाचे मासे आणि आणखी काही शार्क-पाकटांनाही आहे. तुमची नेहमीची लहान मुशी त्यात नाही. 2022 साली सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पनामातल्या बैठकीत तिचं सगळं कुळ देशादेशांतल्या व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत गेलं, पण त्यामुळे आपल्या बाजारात ती विकायला किंवा विकत घ्यायला बंदी आलेली नाही. म्हणजे मुलाची काळजी चांगली आहे, पण तुम्ही गुन्हा करत नाही.

काळजीला कारण मात्र आहे. ही जात एक-दोन वर्षांत वयात येते आणि वर्षभर विणीवर असते, म्हणून मोठे शार्क कमी झाले तरी ती अजून जाळ्यात येते. तरीही धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ती आता 'संकटसमीप' आहे. चौशिंगा त्याच यादीत 'असुरक्षित', म्हणजे त्याला धोका आणखी एक पायरी जास्त. पहिल्या उत्तरात बेंबीचा व्रण सांगितला आहे. तो ताजा दिसणारी वीतभर पिल्लं घेऊ नका, स्वस्त असली तरी. गिऱ्हाईकच नसेल तर मावशी ती आणायची थांबतील.

आता सुनेचं. शार्काच्या मांसात पारा साठतो, आणि शार्क जितका मोठा व वयस्क तितका जास्त. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांनी टाळायच्या माशांत शार्क घातला आहे. लहान, कमी आयुष्याच्या मुशीत पारा मोठ्या शार्कापेक्षा कमी असतो हे खरं, पण बाजारात तुकडे करून 'मुशी' म्हणून जे मिळतं ते कधी मोठ्या शार्काचंही असतं आणि तुकड्यावरून ते ओळखता येत नाही. तुमच्या माहेरची रीत अख्खी, ताजी, लहान मुशी दारात मिळत होती तेव्हाची आहे. पुण्यात बसून मी सुनेसाठी तारली किंवा बांगडा घेईन. प्रथिनं तीच मिळतात, वर चांगली चरबीही. दूध खरोखर कमी वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवा. बाळाला नीट पाजता येत नसेल तर कोणत्याही माशाने काम होत नाही.

घरातल्या बाकीच्यांसाठी मुशी आणायचीच असेल तर अख्खी मागा आणि आधी वास घ्या. अंगातल्या त्याच युरियाचा, मासा शिळा झाला की अमोनिया होतो आणि नाकाला झोंबतो. वास झोंबला तर कोकम, लिंबू, हळद काहीही चोळा, तो मासा ताजा होणार नाही. तो परत करा आणि दुसरा मागा.